सात वाजतांचा भोंगा

भंडारा जिल्ह्यांत दिवाळीनंतर गांवोगांव मंडई भरते आणि रात्रीं दंडार रंगते. हा विसावा एकट्याचा नसतो; सारें गांव त्यासाठीं एकत्र बसतें. विसाव्याची वेळ सर्वांनीं मिळून ठरवावी, ही झाडीपट्टीची जुनी रीत. मोबाइलवरील व्हॉट्सॲप, फेसबुकादि समाजमाध्यमांनीं मात्र प्रत्येकास निराळी करमणूक दिली, आणि एका घरांतलीं माणसें एकमेकांस दुरावूं लागलीं.

अशा वेळीं तीच रीत दूर सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचें वडगांव या सुमारें ३,००० वस्तीच्या गांवास उपयोगी पडली. करोनाकाळांत शिक्षणासाठीं मुलांच्या हातीं मोबाइल आले. शाळा उघडल्यावरही ते सुटेनात. १४ ऑगस्ट २०२२ रोजीं ग्रामसभेनें निर्णय केला. दुसऱ्या दिवसापासून सायंकाळीं ७ वाजतां देवळावरील भोंगा वाजे, आणि ८-३० पर्यंत घरोघरचे मोबाइल व दूरचित्रवाणी संच बंद राहत. तो वेळ अभ्यासास, वाचनास व परस्परांशीं बोलण्यास मिळे. आशा सेविका, शिक्षक व ग्रामसेवक घरोघर जाऊन लोकांस हें पटवून देत.

एकट्यानें मोबाइल सोडूं म्हटल्यास शेजाऱ्याच्या हातांतला मोह पाडतो. सर्वांनीं एकाच घटकेस तो खालीं ठेवला, म्हणजे आपण मागें पडलों ही रुखरुख उरत नाहीं. निग्रह ज्याचा त्यानें करावयाचा. वेळ मात्र सर्वांची एक असावी लागते.