चालण्याजोगे अंतर

मुंबईच्या मध्य रेल्वेवर बोरीबंदरपासून दादरपर्यंतचे अंतर सुमारे नऊ किलोमीटर आहे. एवढ्यात मस्जिद, सँडहर्स्ट रोड, भायखळा, चिंचपोकळी, करी रोड आणि परळ अशी सहा स्टेशने मध्ये येतात. चिंचपोकळीच्या फलाटावरून निघालेला माणूस रमतगमत चालला तरी पंधरा-वीस मिनिटांत करी रोडला पोहोचतो. तरीसुद्धा माणसे जिना चढतात, गाडीची वाट पाहतात, घामाच्या गर्दीत शिरतात आणि पुढच्याच स्टेशनावर उतरतात. पाहणारा हसतो. "एवढ्याशा अंतराला गाडी कशाला? पाय मोडलेत काय?" हा प्रश्न आपण सर्वांनी ऐकलेला आहे, आणि कधी ना कधी विचारलेलाही आहे.

वरवर पाहता हा प्रश्न आळसाचा किंवा काटकसरीचा आहे. पण त्याच्या बुडाशी एक गृहीत दडलेले आहे. रस्ता सर्वांना सारखाच मोकळा आहे, आणि चालणे ही प्रत्येकाला सारखीच लाभलेली गोष्ट आहे, असे ते गृहीत. भारतीय समाजाच्या इतिहासात हे कधीही खरे नव्हते. "चालण्याजोगे अंतर" म्हणजे किती, हे इथे मैलांच्या दगडांनी कधीच ठरले नाही. ते चालणाराच्या जातीने ठरले. म्हणून या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचा इतिहास तपासणे आवश्यक आहे.

पेशवाईत पुण्याच्या रस्त्यावर अस्पृश्याला चालायचे असेल तर थुंकीसाठी गळ्यात मडके आणि पाऊल पुसण्यासाठी कमरेला झाडू बांधावा लागे, याचा उल्लेख बाबासाहेबांनी १९३६ च्या 'जातिभेदाचे निर्मूलन' या आपल्या भाषणग्रंथात केलेला आहे. ज्याच्या पावलाचा ठसासुद्धा पुसून टाकायचा, त्याने मात्र आयुष्यभर चालायचे, असा हा न्याय होता. कारण वतनदार महाराच्या वाट्याला आलेली बहुतेक कामे चालण्याचीच होती. वसुलाची रक्कम तालुक्याच्या गावी पोहोचवायची, सरकारी कागद या गावाहून त्या गावाला न्यायचा, अधिकाऱ्याच्या घोड्यापुढे वाट दाखवत पळायचे, गावात कुणी मेले तर परगावच्या सोयऱ्यांना ती खबर द्यायची. ऊन नाही, पाऊस नाही, रात्र नाही. मोबदला म्हणजे बलुते आणि तुटपुंजी वतनी जमीन. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदे कौन्सिलात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे बिल आणले ते या गुलामगिरीविरुद्ध. ही वतने कायद्याने नष्ट व्हायला १९५८ साल उजाडावे लागले. ज्यांच्या घरात चालणे ही पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ होती, त्यांच्या पोरांनी परवडत असताना गाडीत बसावेसे म्हटले, तर त्याला आळस म्हणणे हे इतिहासाचे अज्ञान आहे.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. एकवीस मैलांचा तो प्रवास. रेल्वे काही समतेच्या प्रेमाने इथे आली नव्हती. वऱ्हाड-खानदेशचा कापूस बंदराला लागावा आणि पलटणी वेळेवर हलाव्यात, हा तिचा हेतू होता. परंतु तिच्या पोटात एक अनपेक्षित गोष्ट होती. रेल्वेने डब्यांचे वर्ग पाडले ते पैशावर. पहिला, दुसरा, तिसरा. जातवार डबे जोडणे कंपन्यांच्या हिशेबात बसणारे नव्हते. ज्याने तिकिटाचे पैसे मोजले त्याला त्या वर्गाच्या बाकावर बसण्याचा हक्क मिळाला. गावातल्या पारावर ज्याला टेकता येत नव्हते, तो तिसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकावर पाटलाच्या मांडीला मांडी लावून बसू लागला. पाटलाला विटाळ वाटला असेल, तर त्याने गाडीतून उतरून चालत जावे, एवढी मोकळीक त्याला होती. हा उलटा न्याय या देशात नवा होता.

पण या समतेला मर्यादा होती. ती चाकांवर होती, जमिनीवर नव्हती. गाडी थांबली की फलाटावर 'हिंदू पाणी', 'मुसलमान पाणी' अशा पाट्या होत्या, आणि पाणी पाजायला ब्राह्मण पाणक्या होता. स्टेशनाच्या फाटकाबाहेर पाऊल पडले की गाव आपल्या सगळ्या नियमांसह उभा होता. ही सीमारेषा बाबासाहेबांना वयाच्या दहाव्या वर्षी दिसली. १९०१ च्या सुमाराची ही गोष्ट त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लिखाणात सांगितली आहे. वडील गोरेगावला खजिनदार होते. त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून गाडीने मसूर स्टेशनावर उतरली. गाडीत कुणी काही विचारले नाही. मुलांचे कपडे स्वच्छ, वागणे सुसंस्कृत, त्यामुळे स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणाची वाटली. जात कळली आणि चेहरा पालटला. एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि मुलांनी स्वतः बैल हाकायचे व गाडीवानाने शेजारून पायी चालायचे, असा करार झाला. स्वतःची गाडी असताना मालक पायी चालायला तयार होतो, पण अस्पृश्य मुलांना हाकत नेत नाही! चालणे आणि बसणे यांचा या देशातला अर्थ समजण्यासाठी याहून वेगळे उदाहरण शोधायला नको.

आणि तरीही एक उदाहरण याहून बोलके आहे. ते चाळीसगावचे. १९२९ साली मुंबई सरकारने अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सभासद होते. खानदेशातले काम आटोपून, धुळे फाट्यावरच्या एका गावातील सामाजिक बहिष्काराची चौकशी करून ते चाळीसगाव स्टेशनावर परतले. महारवाड्यातली माणसे हारतुरे घेऊन आली होती. त्यांनी रात्री मुक्कामाला राहण्याचा आग्रह धरला होता आणि बाबासाहेबांनी तो मानला होता. स्टेशन आणि महारवाडा यांच्यामधले अंतर चालत जाण्याजोगे होते, असे बाबासाहेबांनीच लिहिले आहे. स्टेशनासमोर टांगेही उभे होते. पण तासभर कुणी हलेना. पाहुण्यांना कळेना, आपल्याला थांबवून का ठेवले आहे. अखेर एक टांगा आला. बाबासाहेब एकटे त्यात बसले, बाकीचे जवळच्या वाटेने पायी निघाले. थोडे अंतर गेले नाही तोच टांगा एका मोटारीवर आदळता आदळता वाचला. पुढे नदीवरच्या फरशीवर चाक कडेच्या दगडाला धडकले. बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले. टांगा आणि घोडा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला आणि कित्येक दिवस त्यांना अंथरुणाला खिळून राहावे लागले.

मागाहून उलगडा झाला. एकही टांगेवाला महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हता. त्यांच्या लेखी तो कमीपणा होता. मग तडजोड निघाली. टांगेवाल्याने टांगा भाड्याने द्यावा, हाकायचे काम महारवाड्यातल्याच कुणीतरी करावे. ज्याने लगाम हाती घेतला त्याने यापूर्वी टांगा हाकलेला नव्हता.

या प्रसंगाचा विचार करताना आपण टांगेवाल्यांचा धिक्कार करून मोकळे होतो. तो करायलाच हवा. विलायतेत शिकून आलेला बॅरिस्टर, कायदे कौन्सिलाचा सभासद, सरकारी समितीचा सदस्य, असा माणूस एका टांगेवाल्याला आपल्याहून हलका वाटतो, ही जातिव्यवस्थेची सगळ्यात उघडी व्याख्या आहे. पण महारवाड्यातल्या त्या माणसांकडेही पाहिले पाहिजे. ते म्हणू शकले असते, "साहेब, जवळच आहे, चालतच जाऊ." ते तसे म्हणाले नाहीत. आपला माणूस स्टेशनावरून पायी महारवाड्यात न्यायचा, हे त्यांच्या मनाला पटेना. गावाच्या पाहुण्याला टांगा मिळतो, मग आपल्या पाहुण्याला का नाही? आपण जन्मभर चाललो, पण बाबासाहेबांनी टांग्यातच बसले पाहिजे. एवढ्यासाठी ते तासभर टांगेवाल्यांशी हुज्जत घालत राहिले. बाबासाहेबांनीही या माणसांना दोष दिला नाही. आपल्या सुरक्षिततेपेक्षा आपल्या प्रतिष्ठेची त्यांनी अधिक काळजी केली, एवढेच त्यांनी नोंदवले.

ही चूक होती काय? पाहुण्याचा जीव धोक्यात आला, म्हणून चूकच. पण शतकानुशतके ज्याला वाहनात बसू दिले नाही त्या समाजाला चालण्याजोग्या अंतरासाठीही वाहन हवे होते, यात प्रतिष्ठेचा जो शोध आहे तो समजून घेतल्याशिवाय आपला इतिहास कळणार नाही. स्वाभिमान माणसाच्या मनात एकदम सर्वांगाने परिपूर्ण होऊन येत नाही. तो आधी असाच, काहीसा भाबडा, हट्टी होऊन येतो.

मुंबईत येऊन हे चित्र बदलले, पण पूर्ण नव्हे. परळच्या पोयबावाडीतील बीआयटी चाळीत ५० आणि ५१ क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी विसाहून अधिक वर्षे काढली. ९ मार्च १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभेच्या स्थापनेचा विचार करणारी बैठक भरली तीही परळलाच, दामोदर हॉलमध्ये. पुढे दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' उभे राहिले. परळ आणि दादर ही शेजारची स्टेशने. गाडीने दोन-तीन मिनिटे. चाळीतल्या दोन खोल्यांपासून ग्रंथांसाठी बांधलेल्या त्या घरापर्यंतचे हे एका स्टेशनाचे अंतर कापायला दोन दशके लागली, आणि तेही बाबासाहेबांसारख्या माणसाला. गिरणीतल्या सामान्य दलित कामगाराचे काय? त्याला कापडखात्यात शिरकाव नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागतो, मग विटाळ होईल, म्हणून जास्त पगाराच्या मागावर तो नको होता. कमी पगाराच्या खात्यात काम करणारा हा माणूस पासाचे पैसे वाचवण्यासाठी स्टेशनामागून स्टेशने पायी तुडवत असे. शहरातही कुणी चालायचे आणि कुणी बसायचे हे जात ठरवीत होती. फक्त आता ती पगाराच्या पाकिटातून बोलत होती.

आता रुळांवरच्या माणसाकडे वळू. दोन शेजारच्या स्टेशनांमधले अंतर रोज पायी चालणारा एक माणूस रेल्वेनेच निर्माण केला आहे, तो गँगमन. खांद्यावर हातोडा, हातात झेंडी, उन्हात तापलेली खडी. सैल झालेली चावी ठोकायची, सरकलेली खडी सारखी करायची, आणि गाडी आली की बाजूला उभे राहायचे. या कामात आपली माणसे मोठ्या संख्येने होती. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे बाबासाहेबांचे प्रसिद्ध प्रतिपादन याच परिषदेतले. त्याच भाषणात त्यांनी दाखवून दिले की अस्पृश्य कामगार गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच संपतो. त्याला साधा पोर्टरसुद्धा होता येत नाही. कारण स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरकाम करून घेतो, आणि अस्पृश्याला घरात घेणे त्याला चालत नाही! म्हणजे ज्याच्या हातांनी रूळ जाग्यावर राहतात, त्याला फलाटावर चढायला बंदी. रेल्वेने प्रवाशाला बाकावर समता दिली, पण आपल्या कामगाराला दिली नाही. बाबुराव बागुलांनी रेल्वेच्या नोकरीतला हा अनुभव 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३ च्या कथासंग्रहात मराठी साहित्यात आणला, तेव्हा स्वातंत्र्याला सोळा वर्षे झाली होती.

हा जुना इतिहास आहे, असे कुणी म्हणेल. तिसरा वर्ग १९७४ ला बंद झाला, पाण्याच्या पाट्या गेल्या, हे खरेच आहे. पण ८ मे २०२० ची पहाट आठवावी. टाळेबंदीत प्रवासी गाड्या बंद होत्या. जालन्याच्या कारखान्यात राबणारे मध्य प्रदेशातले मजूर, त्यात बरेचसे आदिवासी, गावाकडे जाणारी गाडी भुसावळला मिळेल या आशेने रुळांवरून चालत निघाले. बदनापूर आणि करमाड या शेजारच्या दोन स्टेशनांमध्ये ते थकून रुळावरच झोपले. मालगाडी आली आणि सोळा माणसे चिरडली गेली. माल चालू होता, माणसाला गाडी नव्हती. "रुळावर कशाला झोपले?" असा प्रश्न त्या दिवशीही विचारला गेला. "एवढ्याशा अंतराला गाडी कशाला?" या प्रश्नाचाच तो सख्खा भाऊ आहे.

तेव्हा मुद्दा चालण्याच्या विरोधात नाही. २० मार्च १९२७ ला महाडला माणसे चवदार तळ्याकडे चालतच गेली. त्या चालण्याने इतिहास घडवला, कारण ते कुणाच्या हुकमाने नव्हते. दरवर्षी ६ डिसेंबरला दादर स्टेशनापासून चैत्यभूमीपर्यंत लाखो पाय चालतात. म्हातारी माणसे, कडेवर पोरे घेतलेल्या बाया. त्यांना कुणी "पाय मोडलेत काय" असे विचारत नाही. फार तर "फुकट आले" असे म्हणतात. चालायचे की बसायचे हे ज्याचे त्याला ठरवता येणे, याचेच नाव स्वातंत्र्य.

रेल्वेचे इतिहास पुष्कळ लिहिले गेले. त्यात घाट आहेत, बोगदे आहेत, पूल आहेत, इंजिनिअरांची नावे आहेत. दोन स्टेशनांमध्ये आयुष्यभर चाललेल्या गँगमनची आठवण त्यात नाही, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिकीट काढून पाटलाशेजारी बसलेल्या आपल्या आजीचीही नाही. ती माणसे आता थोडी उरली आहेत. त्यांच्याजवळ बसून, कोणत्या स्टेशनापासून कोणत्या स्टेशनापर्यंत तुम्ही चालत गेलात आणि का, एवढे जरी आपण विचारून लिहून ठेवले, तरी आपल्या इतिहासाचे एक मोठे दालन उघडेल. हे काम दुसरे कुणी करणार नाही.