टबाखालचा ट्रॅप : एका नियमाचा इतिहास

स्नानाच्या टबाखालील निचऱ्याच्या नळीस ट्रॅप, म्हणजे पाणी धरून ठेवणारे वळण असावे. त्यातील पाण्याची खोली किमान दोन इंच राहावी. आणि ट्रॅपपासून ठरावीक अंतराच्या आत हवेची नळी जोडलेली असावी, अशी तीन बंधने अमेरिकेतील नळकामाच्या संहितांत आढळतात. ती आज इतकी रुळली आहेत की त्यांना काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. वस्तुतः या नियमांना बळ मिळाले ते एका चुकीच्या वैद्यकीय समजुतीतून. समजूत लयाला गेली, नियम मात्र टिकले. ते का टिकले, हा प्रश्न अभ्यासकाने विचारण्याजोगा आहे.

पाण्याच्या साहाय्याने दुर्गंध अडविण्याची युक्ती प्रथम शौचकूपासाठी योजिली गेली. अलेक्झांडर कमिंग या लंडनमधील घड्याळजीने १७७५ साली घेतलेल्या पेटंटात असे वळण होते. पुढील शतकात घरे भुयारी गटारांना जोडली जाऊ लागली, तेव्हा प्रत्येक मोरी ही गटारातील हवेला घरात शिरण्याची वाट बनली. दूषित हवेतून रोग उद्भवतात, हे मत त्या काळी इंग्लंडातील आरोग्यसुधारकांत प्रबळ होते. १८७१ साली युवराज, म्हणजेच पुढील काळातील राजा सातवा एडवर्ड, स्कारबरोजवळील मुक्कामानंतर विषमज्वराने मरणोन्मुख झाला, तर त्याच घरी उतरलेला अर्ल ऑफ चेस्टरफील्ड दगावला. दोष घराच्या गटारांना देण्यात आला आणि 'गटारवायू'ची धास्ती सुखवस्तू घरांतही पसरली. विषमज्वर रुग्णाच्या मलातून, विशेषतः दूषित पाण्यावाटे पसरतो, असे विल्यम बड याने १८७३ साली ग्रंथरूपाने प्रतिपादिले. १८८० साली एबर्टने त्याचा जंतूही पाहिला. गटारवायूचा सिद्धान्त अशा रीतीने ढासळत गेला.

याच सुमारास वादाचे केंद्र वैद्यकाकडून यंत्रशास्त्राकडे सरकले. नळी पूर्ण भरून पाणी वेगाने उतरले, की सायफनच्या क्रियेने ट्रॅपमधील पाणीही ओढले जाते. त्यावर उपाय म्हणून हवेची नळी जोडण्यात येऊ लागली. परंतु बॉस्टनचा वास्तुविशारद जे. पिकरिंग पटनम याने १८८० च्या दशकात प्रयोगांच्या आधारे आक्षेप घेतला, की त्या नळीतील हवेच्या खेळण्याने ट्रॅपमधील पाणी अधिक लवकर आटते. एका धोक्यावरील उपाय दुसऱ्या धोक्यास निमंत्रण देतो, हा या आक्षेपाचा मथितार्थ होय.

प्रत्येक शहराचे नियम वेगळे, त्यामुळे घरबांधणीचा खर्च वाढतो, अशी तक्रार पुढे वाढली. व्यापारमंत्री हर्बर्ट हूवर याच्या खात्याने नेमलेल्या समितीने १९२३ साली निवासी घरांतील नळकामासाठी किमान आवश्यकता सुचविल्या. त्यामागे राष्ट्रीय मानक संस्थेतील रॉय हंटर याचे प्रयोग होते. 'काय असावे' याचे उत्तर आता भीतीऐवजी मोजमापाने देण्याचा प्रयत्न झाला.

या मोजमापाचे फलित टबाच्या बाबतीत स्पष्ट दिसते. दीड इंची नळीला दर फुटास पाव इंच उतार दिल्यास सहा फुटांत ती स्वतःच्या व्यासाइतकी खाली उतरते. हवेची नळी त्यापलीकडे जोडली, तर तिचे तोंड ट्रॅपच्या काठाखाली जाते आणि सायफनचा धोका उत्पन्न होतो. काही संहितांतील सहा फुटांची मर्यादा याच हिशेबाशी जुळते. काहींनी ती ४२ इंचांवर आणली आहे. टबाचा तळ सपाट असल्याने शेवटचे पाणी संथपणे येते व ट्रॅप पुन्हा भरतो. म्हणूनच ब्रिटिश मार्गदर्शिकेत हात धुण्याच्या बेसिनला ७५ मिलिमीटर, तर टबाला ५० मिलिमीटर पाणी पुरेसे मानले आहे.

तथापि जुनी भीती सर्वस्वी निराधार नव्हती, हे २००३ साली दिसून आले. हाँगकाँगमधील अमॉय गार्डन्स या वसाहतीत सार्स रोगाची तीनशेहून अधिक जणांना लागण झाली. न्हाणीघरांच्या जमिनीतील ट्रॅप कोरडे पडले होते आणि पंख्याच्या ओढीने मलवाहिनीतील विषाणूयुक्त तुषार आत आले, असा निष्कर्ष चौकशीत निघाला. भारतीय बांधकामाच्या इंग्रजी परिभाषेतही 'नहाणी ट्रॅप' या नावाने वावरणारे हे साधन पाण्यावाचून निरुपयोगी ठरते.

सारांश, नियमाचे मूळ कारण खोटे ठरले म्हणून नियम खोटा ठरत नाही; तसेच तो टिकला म्हणून मूळ कारण खरे ठरत नाही. दोहोंची परीक्षा स्वतंत्रपणे व्हावी लागते.