स्त्रियांच्या सैन्यभरतीचीं भित्तिपत्रकें : मागें घेतलेल्या एका कागदाची परीक्षा

इतिहासाचें साधन म्हटलें म्हणजे बखर, सनद, महजर, फार तर ताम्रपट, एवढेंच आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें येतें. भिंतीवर खळीनें डकविलेला छापील कागद कोणी दप्तरांत ठेवीत नाहीं. परंतु तोही साधनच होय, व त्याची परीक्षा सनदेइतकीच काटेकोरपणें करावी लागते. हें दाखविण्याकरितां दुसऱ्या महायुद्धांतील एका इंग्रजी भित्तिपत्रकाची हकीकत येथें देत आहों.

ब्रिटिश लष्करासाठीं स्त्रियांचें स्वतंत्र साहाय्यक पथक १९१७ सालीं उभें राहिलें. स्वैपाक, कारकुनी, मोटार हांकणें इत्यादि कामें स्त्रियांकडे द्यावीं व त्यांतून मोकळे झालेले पुरुष आघाडीवर पाठवावे, हा त्यांतील हेतु. भरतीच्या जाहिरातींतही हाच हिशेब मांडलेला असे. या पथकांतील ज्या स्त्रिया फ्रान्समध्यें गेल्या, त्यांच्या वर्तनाविषयीं लवकरच प्रवाद उठले. १९१८ सालीं सरकारला चौकशी करावी लागली, व ते प्रवाद निराधार ठरले. ही गोष्ट ध्यानांत ठेवल्यावांचून पुढील प्रकरणाचा उलगडा होत नाहीं.

नव्या युद्धाचीं चिन्हें दिसूं लागतांच सप्टेंबर १९३८ मध्यें ऑक्झिलरी टेरिटोरियल सर्व्हिस, म्हणजे ए. टी. एस., हें पथक स्थापन झालें. स्त्रियांच्या तीन सैनिकी शाखांत याच शाखेचा लौकिक सर्वांत कमी होता. तो वाढावा व भरती व्हावी म्हणून १९४१ सालीं एब्रम गेम्स (१९१४–१९९६) या चित्रकारानें एक भित्तिपत्रक काढलें. त्यांत एका तरुणीचा एका बाजूनें दिसणारा चेहरा आहे. डोक्यावर लष्करी टोपी, सोनेरी केस, लाल रंगविलेले ओठ, चेहऱ्यावर अर्धी गडद छाया. पथकांत दाखल व्हा, एवढेंच आवाहन. स्त्री काय काम करीत आहे, हें चित्रांत कोठेंच नाहीं.

पार्लमेंटांत थेल्मा कॅझलेट या सभासद बाईंनीं त्यावर आक्षेप घेतला. लष्करी सेवेचें हें रूप वाजवीपेक्षां नटवें आहे, असा त्याचा मथितार्थ. अखेर भित्तिपत्रक मागें घेण्यांत आलें. आमच्या मतें याचें कारण केवळ चित्राच्या रंगांत शोधूं नये. १९१८ चे प्रवाद या पथकाविषयींही पुन्हा उठले होते, व १९४२ सालीं व्हायोलेट मार्खम यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमून त्यांची शहानिशा करावी लागली. तिनेंही ते निराधार ठरविले. मुलीला पाठवावें कीं नाहीं, हा निर्णय पुष्कळदां घरच्या वडील मंडळींच्या हातीं असे; त्यांच्या मनांतील शंकेला या चित्रानें खतपाणीच मिळण्याचें भय होतें. प्रचारांत राहिलेल्या भित्तिपत्रकांवरून सरकारची इच्छा कळते. मागें घेतलेल्यावरून समाजाची धास्ती कळते, आणि म्हणून त्याचें मोल अधिक.

आतां एक इशारा. १९४३ सालीं ए. टी. एस. ची संख्या दोन लक्षांवर गेली होती. तें यश भित्तिपत्रकांचें, असें विधान केलेलें आढळल्यास तें सहसा मान्य करूं नये. डिसेंबर १९४१ मध्यें कायदाच झाला, व २० ते ३० वयाच्या अविवाहित स्त्रियांस सैनिकी शाखा, नागरी संरक्षण किंवा कारखाने यांपैकीं कांहीं तरी पत्करणें भाग पडलें. त्या तारखेच्या अलीकडील व पलीकडील कागद एका गठ्ठ्यांत घालणें ही मोठीच चूक होईल. तसेंच, १९४१ पासून विमानविरोधी तोफखान्यांत स्त्रिया शत्रूच्या विमानाची उंची व दिशा मोजण्याचीं यंत्रें चालवीत. तोफ डागण्याचें काम मात्र पुरुषांकडेच ठेवलें होतें. गेम्सचें चित्र पाहून यांतील एक अक्षरही समजत नाहीं.

इंग्लंडांत १९१७ सालींच स्थापन झालेल्या युद्धसंग्रहालयानें स्त्रियांच्या कार्याचे कागद जमविण्यास एक स्वतंत्र उपसमिति नेमली होती. हिंदुस्थानांतही १९४२ सालीं स्त्रियांचें साहाय्यक पथक निघालें, त्याची संख्या सुमारे ११,५०० पर्यंत गेली, व त्याच्याही भरतीच्या जाहिराती निघाल्या होत्या. हें पथक १९४७ नंतर राहिलें नाहीं. त्याचे कागद मात्र जुन्या कपाटांतून व रद्दींतून अद्यापि निघण्याचा संभव आहे. असा कागद हातीं आल्यास संग्राहकांनीं त्याच्या कडा छाटूं नयेत. तळाच्या समासांत बारीक अक्षरांत मुद्रणाची खूण असते, ती नकलून घ्यावी. पाठीवर खळीचे डाग आहेत कीं नुसत्या घड्या आहेत, हेंही टिपावें. कागद भिंतीवर लागला होता कीं कचेरींतच पडून राहिला, याचा निवाडा बहुधा तेवढ्यावरूनच होतो.