आजीच्या माळेतील व्हेनिस : ‘पुतळी’ नावाच्या सुवर्णनाण्याची कथा

१/ पुतळ्यांची माळ हा महाराष्ट्रातील एक जुना, मानाचा अलंकार. आज तिच्या चकत्यांवर बहुधा लक्ष्मी किंवा राम-सीता दिसतात. मुळात मात्र पुतळी हे व्हेनिस प्रजासत्ताकाचे सुवर्णनाणे होते. 🧵

२/ व्हेनिसने १२८४ मध्ये ‘डुकाट’ पाडण्यास प्रारंभ केला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. एका बाजूस संत मार्ककडून ध्वज स्वीकारणारा, गुडघे टेकलेला राज्यप्रमुख ‘डोज’; दुसऱ्या बाजूस ताऱ्यांच्या वलयात येशू ख्रिस्त. या मानवाकृतींवरून दख्खनेत नाव पडले : पुतळी.

३/ मसाले आणि कापड यांच्या मोबदल्यात हे सोने इजिप्त व तांबड्या समुद्राच्या मार्गे पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांत उतरे आणि घाट चढून देशावर येई. सभासद बखरीतील शिवछत्रपतींच्या खजिन्याच्या यादीत होनांसोबत पुतळ्यांचीही नोंद आहे.

४/ या नाण्याची पत इतकी होती, की १५५९ मध्ये जर्मन साम्राज्यानेही डुकाटला अधिकृत नाणे म्हणून स्वीकारले. तेथील राजे आणि नगरे आपापली चिन्हे व बहुधा सनही त्यावर कोरीत. व्हेनिसच्या डुकाटवर सन नाही. चित्रही पाच शतके जवळपास तेच. बदलत गेले ते डोजचे नाव.

५/ म्हणून काळ ठरतो तो या नावावरूनच. ‘मानिन’ हे नाव दिसले, तर नाणे १७८९ ते १७९७ मधले, म्हणजे सवाई माधवराव पेशव्यांच्या अखेरच्या आणि त्यांच्यानंतरच्या वर्षांतले. लुडोविको मानिन हा अखेरचा डोज. १७९७ मध्ये नेपोलियनपुढे व्हेनिसचे प्रजासत्ताक संपले.

६/ भारतात पुतळीच्या नकलाही झाल्या. त्यांवर आकृत्या ओळखू येतात. रोमन अक्षरे मात्र निरर्थक रेघा होऊन जातात. कारागिराला लिपी अपरिचित होती, पण नाण्याची पत ठाऊक होती.

७/ कडी लावलेल्या वा भोक पाडलेल्या नाण्याला संग्राहक कमी किंमत देतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र ते भोकच पुरावा आहे : बाजारातले चलन स्त्रीधन झाले, याचा.

८/ अशी माळ मोडीत निघाली की सोन्याचे मोल हाती येते आणि डोजचे नाव मुशीत वितळून जाते. पाथर्डी असो वा पुणे, घरातील जुनी माळ सराफाकडे देण्यापूर्वी प्रत्येक पुतळीच्या दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्या, वजन नोंदवा आणि जाणकाराला दाखवा. जमिनीत सापडलेल्या ठेव्याची गोष्ट निराळी. १८७८ च्या कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते.