चित्ते मेले, सिंह वाचले

एखाद्या जातीत जनुकांची विविधता का असावी लागते, हे वर्गात समजावून सांगताना चित्त्याचे उदाहरण हमखास दिले जाते. आम्हीही ते अनेकदा दिले आहे. एका उद्यानात साथ आली, तिथले सगळे चित्ते आनुवंशिकदृष्ट्या सारखे होते, म्हणून ते भराभर मेले. गोष्ट सुटसुटीत आहे, आणि बरीचशी खरीही. पण ती शास्त्रज्ञांच्या हाती कशी लागली आणि पुढे तिला कोणते फाटे फुटले, हे सहसा सांगितले जात नाही.

अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात विन्स्टन येथे ‘वाइल्डलाइफ सफारी’ नावाचे उद्यान आहे. चित्त्याची पैदास बंदिवासात मोठी कठीण. अकबराने शेकडो चित्ते पाळले, पण त्यालाही त्यांची पैदास साधली नाही. या उद्यानाला मात्र ते साधले होते. १९८२ साली सॅक्रामेंटोच्या प्राणिसंग्रहालयातून तिथे दोन चित्ते आणले गेले. ते आजारी पडले आणि पाठोपाठ उद्यानातले चित्तेही. अतिसार, कावीळ, दिवसेंदिवस घटणारे वजन. शवविच्छेदनानंतर निदान झाले ते घरच्या मांजरांच्या एका रोगाचे.

या रोगात पोटाच्या आतील आवरणाला सूज येते. १९६३ साली बॉस्टनच्या पशुवैद्य जीन होल्झवर्थ यांनी त्याचे प्रथम वर्णन केले. तो करोना विषाणूमुळे होतो हे नंतर कळले. ‘करोना’ हे नावच मुळी १९६८ सालचे. मांजरांच्या आतड्यात हा विषाणू बहुधा निरुपद्रवी असतो. पण एखाद्या मांजराच्या शरीरात त्याच्यात बदल होतो आणि तो भक्षक पेशींमध्ये शिरून वाढू लागतो. म्हणजे चोर पकडायला ठेवलेल्या शिपायाच्याच घरात चोराने बिऱ्हाड करावे, तसे! प्रतिपिंडे तयार होतात, पण ती उपयोगी पडत नाहीत. प्रयोगांत तर त्यांच्यामुळे विषाणूचा पेशीतील प्रवेश सुकर झाल्याचेही दिसले आहे. तरीही संसर्ग झालेल्या शंभर मांजरांपैकी साधारण पाच ते दहांनाच हा रोग जडतो.

ऑरेगनमध्ये तीन वर्षांत सुमारे ६० टक्के चित्ते दगावले. त्याच उद्यानातल्या सिंहांमध्ये मात्र रोगाची लक्षणे दिसली नाहीत.

हा फरक का? योगायोगाने उत्तराचा धागा आधीच हाती आला होता. स्टीफन ओब्रायन आणि त्यांचे सहकारी दक्षिण आफ्रिकेतील ५५ चित्त्यांचे रक्त तपासत होते. ४७ जनुकस्थानांवरील विकरे त्यांनी पाहिली. एकाही ठिकाणी दोन चित्त्यांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढची कसोटी अधिक कडक होती. एका चित्त्याच्या कातडीचा तुकडा नात्यागोत्यात नसलेल्या दुसऱ्या चित्त्यावर लावण्यात आला. एरवी शरीर असे परके कातडे काही दिवसांतच झिडकारते. चित्त्यांनी ते आपलेच असल्यासारखे स्वीकारले. मांजराचे कातडे लावले तेव्हा मात्र दहा-बारा दिवसांत ते नाकारले गेले, म्हणजे प्रतिकारयंत्रणा शाबूत होती. परके ओळखण्याची खूणच सर्वांकडे जवळपास एक होती. मग एका चित्त्याला भेदणारा विषाणू सर्वांनाच भेदू शकेल, असे अनुमान १९८५ साली मांडले गेले. सुमारे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या अखेरीस, चित्त्यांची संख्या अत्यंत घटली असावी आणि उरलेल्या थोडक्यांपासून आजचे चित्ते आले, असेही त्यांनी सुचवले.

अनुमान सयुक्तिक होते. पण ते पाठ्यपुस्तकांत सिद्धांतासारखे गेले. पुढे आफ्रिकेतील मोकळ्या चित्त्यांचे रक्त तपासले तेव्हा काहींमध्ये करोना विषाणूची प्रतिपिंडे मिळाली, पण अशी साथ काही दिसली नाही. जनुके तर त्यांचीही तशीच! मग बंदिवासातील दाटी, ताण आणि मलावाटे पुनःपुन्हा होणारा संसर्ग यांचा वाटा किती, हा प्रश्न उरतोच. १९९४ साली टिम कॅरो आणि कॅरेन लॉरेन्सन यांनी याच घाईबद्दल सावध केले. सेरेंगेटीच्या मैदानात चित्त्यांच्या पिल्लांचा मोठा काळ जनुकांत नव्हता, तर सिंहांच्या जबड्यात होता.

आणि सिंह तरी करोनापासून सुरक्षित कुठे आहेत? एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील वाघिणीला कोविडचा संसर्ग झाल्याचे आढळले. तिथले सिंहही आजारी पडले. मे २०२१ मध्ये हैदराबादच्या नेहरू प्राणिसंग्रहालयात आठ आशियाई सिंहांना संसर्ग झाला; ते बरे झाले. पुढच्याच महिन्यात चेन्नईजवळच्या वंडलूर येथे मात्र संसर्ग झालेल्या सिंहांपैकी दोन दगावले. कुळी एकच असली तरी हा विषाणू मांजरांच्या त्या विषाणूहून वेगळ्या शाखेचा. पेशीत शिरताना तो ‘एस-२’ नावाच्या प्रथिनाला चिकटतो, आणि मार्जारकुळातील प्राण्यांचे हे प्रथिन माणसाच्या प्रथिनाशी बरेच मिळतेजुळते आहे. ऑरेगनचे सिंह एका विषाणूपासून वाचले होते, एवढेच त्या साथीवरून म्हणता येते.