यंत्राचा हात आणि नाक्यावरचा माणूस

रोबो आला की माणसाचे काम जाते, असे सरसकट म्हटले जाते. बांधकामाचा इतिहास इतका सरळ नाही.

१९८३ साली जपानच्या शिमिझू कंपनीने एसएसआर-१ हा रोबो प्रत्यक्ष इमारतीच्या कामावर उतरवला. आगीत पोलादी तुळया वाकू नयेत म्हणून त्यांच्यावर रॉकवूलचा थर फवारतात. पूर्वी ॲस्बेस्टॉसही फवारत. त्यावर १९७५ मध्ये बंधने आली. रॉकवूल फवारणेही सोपे नव्हते. हात डोक्याच्या वर, धूळ नाकातोंडात. ही फवारणी यंत्राने घेतली. माल पुरवणे, राहिलेले कोपरे भरणे माणसाकडेच राहिले. ही कामाची वाटणी झाली, आणि चांगली झाली. धूळ फुप्फुसात जाण्यापेक्षा यंत्रावर बसलेली बरी.

मग आक्षेप कशाला? कारण कंपन्यांना हे कामगारांच्या कळवळ्यातून सुचले नव्हते. घाण, धोक्याची, कष्टाची कामे तरुण पत्करेनात; अशा कामांना तिथे ‘तीन के’ म्हणत. माणसे मिळेनात, म्हणून रोबो. तरीही जी माणसे लागत त्यांतली कितीतरी टोकियोच्या सान्या आणि ओसाकाच्या कामागासाकी इथल्या मजूरनाक्यांवरून पहाटे उचलली जात. त्यांत बुराकूमिनही असत. कातडी कमावण्यासारख्या कामांमुळे अपवित्र ठरवलेला, १८७१ साली कायद्याने मुक्त झालेला हा समाज. (आपल्याला हे नवीन नाही.) रोजंदारी, मधल्या दलालाचा वाटा आणि उद्याची हमी नाही.

श्रमाची विभागणी वेगळी आणि श्रमिकांची विभागणी वेगळी, हा भेद बाबासाहेबांनी १९३६ सालीच स्पष्ट केला. रोबोने पहिली बदलली, दुसरीला हात लावला नाही. वर कंपनी, मग तिचा कायम कामगार, तळाशी नाक्यावरचा मजूर. उतरंड जिथल्या तिथे.

१९९० नंतर जपानच्या तेजीचा फुगा फुटला. नागोयात याच सुमारास बहुमजली इमारत स्वयंचलित पद्धतीने उभारण्याचा प्रयोग चालू होता. पुढे मंदी लांबली तसा कंपन्यांनी रोबोंवरच्या खर्चाचा हात आखडता घेतला. मजूरटंचाई संपली आणि नाके ओस पडू लागले. ज्यांनी ती शहरे बांधली त्यांतले अनेक जण, आता म्हातारे झालेले, ओसाकाच्या बागांत निळ्या ताडपत्रीखाली राहू लागले.