विश्लेषण : मूत्रपिंडाच्या कर्करोगावर चाललेली गोळी फुफ्फुसाच्या कर्करोगावर का अडखळली?

‘कर्करोगावर नवी गोळी, रुग्णांना मोठा दिलासा’ अशा बातम्या समाजमाध्यमांवर वरचेवर फिरतात. त्यातली गोळी नेमक्या कोणत्या कर्करोगावर, किती रुग्णांवर आणि कशाच्या तुलनेत तपासली, हे मात्र बहुतेकदा सांगितलेले नसते. या तपशिलाने किती फरक पडतो, हे कॅबोझॅन्टिनिब या औषधाच्या चाचण्यांवरून समजते.

हे औषध काय करते?

केमोथेरपीची बहुतेक जुनी औषधे वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर मारा करतात. ‘टार्गेटेड’ औषध पेशीतले ठरावीक प्रथिन अडवते. कॅबोझॅन्टिनिब मुख्यतः तीन प्रथिनांना रोखते : व्हीईजीएफ रिसेप्टर, मेट आणि ॲक्सल. पहिले प्रथिन गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या तयार होण्यास मदत करते. उरलेली दोन कर्करोगाच्या वाढीला आणि पसरण्याला हातभार लावतात. मूत्रपिंडाच्या कर्करोगासाठी या औषधाची नेहमीची मात्रा रोज ६० मिलिग्रॅमची एक गोळी अशी आहे.

चाचणीचे टप्पे कशासाठी?

पहिल्या टप्प्यात मोजक्या रुग्णांना औषध देऊन सुरक्षित मात्रा ठरवतात. दुसऱ्या टप्प्यात गाठ आक्रसते का, ते पाहतात. तिसऱ्या टप्प्यात शेकडो रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडतात. एका गटाला नवे औषध, तर दुसऱ्याला सध्याचा प्रस्थापित उपचार मिळतो. कोणाला काय मिळणार हे डॉक्टर ठरवत नाहीत. त्यामुळे मुळात बऱ्या प्रकृतीचे रुग्ण एकाच गटात जमत नाहीत आणि तुलना खरी होते.

मूत्रपिंडाच्या कर्करोगात काय दिसले?

सुरुवातीच्या एका चाचणीत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे अवघे २५ रुग्ण होते. त्यांपैकी ७ जणांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. त्यानंतर ‘मिटिऑर’ ही तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली. तिच्यात आधीचा उपचार घेऊनही आजार वाढलेले ६५८ रुग्ण होते. २०१५ मध्ये तिचे पहिले निष्कर्ष आले. आजार पुन्हा वाढेपर्यंतचा काळ एव्हरोलिमस या जुन्या औषधाने ३.८ महिने होता, तर कॅबोझॅन्टिनिबने ७.४ महिने. एकूण आयुर्मानाचा मध्यक, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून अधिक जगले तो काळ, १६.५ महिन्यांवरून २१.४ महिन्यांवर गेला. एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या वापराला मान्यता दिली.

हा फायदा फुकट मिळाला नाही. जुलाब, थकवा, रक्तदाब वाढणे, तळहात-तळपाय सोलवटणे असे त्रास झाले आणि सुमारे ६० टक्के रुग्णांची मात्रा कमी करावी लागली.

फुफ्फुसाच्या कर्करोगात काय झाले?

इथेही सुरुवात आशादायक होती. इम्युनोथेरपी घेऊनही आजार वाढलेल्या ८१ रुग्णांना कॅबोझॅन्टिनिबसोबत अटेझोलिझुमॅब हे इम्युनोथेरपीचे औषध दिले गेले. आयुर्मानाचा मध्यक १३.८ महिने आला. परंतु तुलनेसाठी प्रस्थापित केमोथेरपी घेणारा गट या अभ्यासात नव्हता. तो ‘कॉन्टॅक्ट-०१’ या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत होता. तिच्यात ३६६ रुग्ण होते. नव्या जोडीने मध्यक १०.७ महिने आला, तर डोसिटॅक्सेल या जुन्या केमोथेरपीने १०.५ महिने. हा फरक नगण्य होता. चाचणी अयशस्वी ठरली.

असे का झाले असावे?

मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या सर्वांत सामान्य प्रकारात बहुतेकदा व्हीएचएल हे जनुक निकामी झालेले असते. त्यामुळे नव्या रक्तवाहिन्या घडवणारे संदेश सतत सुटत राहतात आणि गाठ त्यांच्यावर अवलंबून असते. तोच मार्ग अडवला की तिची कोंडी होते. फुफ्फुसाच्या कर्करोगात असा एकच सामाईक कच्चा दुवा नसतो. काही रुग्णांत ईजीएफआर किंवा एएलके या जनुकांत बदल असतो. त्यांच्यासाठी वेगळ्या गोळ्या आहेत आणि त्या प्रभावी ठरल्या आहेत. म्हणूनच उपचार ठरवण्यापूर्वी गाठीच्या तुकड्याची जनुकीय तपासणी महत्त्वाची असते.

बातमी वाचताना काय पाहावे?

चाचणी कितव्या टप्प्यातली आहे? तुलनेचा गट होता का? ‘गाठ आक्रसली’ असे म्हटले आहे, की ‘रुग्ण अधिक जगले’ असे? दोन्हींचा अर्थ एक नाही. ‘धोका ४० टक्क्यांनी घटला’ असे लिहिले असेल, तर प्रत्यक्षात किती महिने वाढले, हेही शोधावे.

घरातल्या रुग्णाला चाचणीत सहभागी होण्याबद्दल विचारले गेले, तर ती चाचणी ‘क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री - इंडिया’च्या संकेतस्थळावर शोधता येते. भारतात १५ जून २००९ पासून ही नोंदणी आवश्यक आहे. २०१९ च्या नियमांनुसार सहभागासाठी रुग्णाची लेखी संमती लागते आणि चाचणीमुळे इजा झाल्यास उपचार व भरपाईची तरतूद आहे. सहभाग नाकारण्याचा किंवा मध्येच बाहेर पडण्याचा हक्क रुग्णाला असतो.

चालू असलेला उपचार मात्र एखाद्या संदेशावर विसंबून थांबवू नये. नवी गोळी आपल्या रुग्णाच्या कर्करोगावर तपासलेली आहे का, हे उपचार करणाऱ्या कर्करोगतज्ज्ञांनाच विचारावे.